वयाची अट नक्की कोणाची? परदेशी शाळांसाठी शिक्षक भरणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
परदेशातल्या शाळांसाठी इंग्रजीचे शिक्षक भरणाऱ्या कन्सल्टन्सीवाल्या, एजंट आणि शाळा-व्यवस्थापक मंडळींस,

स. न. वि. वि.

मी दापोली तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि नियमाप्रमाणे ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. आता वय ६१. गुडघे ठीक, साखर नाही, बीपीची एक गोळी. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्याकडे गाडी शेवटी तिथेच येऊन अडते.

पत्रास कारण की, तुमच्या जाहिराती. ‘गल्फमधील नामांकित सीबीएसई शाळेसाठी इंग्रजी शिक्षक पाहिजेत. बी.एड. आवश्यक. अनुभवी उमेदवारांना प्राधान्य. राहणे व विमान तिकीट मोफत.’ वयाबद्दल अवाक्षर नाही. अनुभव वाढतो तसं वयही वाढतं, हा हिशोब जाहिरात लिहिणाऱ्याने केलेला नसतो, किंवा केलेला असतो पण पैसे भरून होईपर्यंत सांगायचा नसतो. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशी जाहिरात पडली की दोन दिवस नुसती धांदल उडते. कोणाला मुलाचं शिक्षणाचं कर्ज फेडायचं असतं, कोणाला जुनी पेन्शन नाही, आणि कोणाला खरं सांगायचं तर घरी करमत नाही.

माझं झालं ते थोडक्यात सांगते. ओमानमधल्या मस्कतकडच्या एका शाळेसाठी मुंबईतल्या एका कन्सल्टन्सीकडे अर्ज केला. नाव लिहीत नाही. एकट्या त्यांनाच झोडपून काय होणार, पद्धत सगळीकडे तीच. डेमो ऑनलाइन झाला. आठवीचा वर्ग, विषय रिपोर्टेड स्पीच. मुलं तिकडे वर्गात बसलेली, मागे मुख्याध्यापिका आणि सुपरवायझर, मी इकडे दापोलीत लॅपटॉपसमोर. नियमांचा तक्ता मी दाखवलाच नाही. एका मुलाला सांगितलं, शेजारणीच्या कानात एक वाक्य सांग, आणि तू काय म्हणालास ते ती मला सांगेल. त्याने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. ती उठून म्हणाली, ‘मिस, ही सेड ही वॉज हंग्री.’ मी विचारलं, भूक संपली का त्याची? वर्ग हसला. मग ते ‘वॉज’ आलं कुठून? पुढची दहा मिनिटं मुलंच आपसात भांडत होती, मला फार बोलावं लागलं नाही. व्याकरण असंच शिकवायचं असतं, हे मला बी.एड.ला कोणी शिकवलं नव्हतं. वर्गात वर्षं काढल्यावर आलं. नेमकी तीच वर्षं पुढे माझ्या नावावर वजा झाली.

डेमो आवडल्याचं कळवलं. मग ‘फाइल चार्ज’ म्हणून पैसे घेतले. पावती मागितली तर ‘व्हॉट्सॲपवर रिसिव्ह्ड टाकलंय ना मॅडम’. फोटो दुसरा मागवला. फोनवरच्या मुलीने अगदी आपुलकीने सुचवलं की केसांना जरा डाय लावा, आणि सीव्हीतलं दहावीचं वर्ष काढून टाका. पासपोर्टवर जन्मतारीख ढळढळीत छापलेली असताना ही लपवाछपवी नेमकी कोणाला फसवायला, ते तिलाही ठाऊक नसावं. मग पदवी आणि बी.एड.ची मूळ प्रमाणपत्रं अटेस्टेशनसाठी मुंबईला नेऊन दिली. खेडला जाऊन रात्रीची गाडी पकडायची, पहाटे दादरला उतरायचं, ऑफिस उघडेपर्यंत प्लॅटफॉर्मवर बसायचं. राज्य सरकारचा शिक्का झाला, दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयाचा झाला. आणि एवढं सगळं झाल्यावर फोन आला: ‘सॉरी मॅडम, सिक्स्टी प्लसला व्हिसाच निघत नाही. गव्हर्न्मेंट रूल आहे.’

कुठल्या गव्हर्न्मेंटचा? कुठला रूल? उत्तराच्या पायऱ्या मांडल्या नाहीत तर आम्ही मुलांना गुण देत नाही, म्हणून मी विचारलं. उत्तर नाही. मग शोधलं. खासगी क्षेत्रात साठीपुढच्या परदेशी माणसाला परवाना न देण्याचा जुना नियम ओमानच्या कामगार मंत्रालयाने २०२२ च्या जानेवारीत काढून टाकलेला आहे. म्हणजे मला सांगितलेला नियम मी अर्ज करण्याच्या कितीतरी आधी गेलेला होता. शाळेला याशिवाय आणखी कुठल्या खात्याची मंजुरी लागत असेल आणि तिथे वय आडवं येत असेल, तर तसं सांगा. शाळेलाच साठीपुढचं माणूस नको असेल तर तेही सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही. (घेईन थोडं, पण ते माझं मी बघेन.)

माझं म्हणणं सगळं एवढ्यातच आहे. ‘वयाची अट’ म्हणून तुम्ही जे एक गाठोडं पुढे करता, त्यात कायदा असतो, विमा कंपनीचा हप्ता असतो, शाळेची हौस असते, पालकांची आवड असते आणि तुमचा स्वतःचा आळसही असतो. गाठोडं सोडून दाखवा.

जिथे कायदा आहे तिथे मी भांडत नाही. चीनचंच घ्या. तिथे २०१७ पासून परदेशी कामगारांची ए, बी, सी अशी वर्गवारी आहे. इंग्रजीचे बहुतेक शिक्षक बी गटात बसतात, आणि त्या गटाला सर्वसाधारणपणे साठीची मर्यादा आहे. त्यांच्या गुणांच्या तक्त्यात वयालाही गुण आहेत: २६ ते ४५ ला सगळ्यात जास्त म्हणजे १५, ५६ ते ६० ला ५, आणि साठीपुढे शून्य. कठोर आहे, पण लिहिलेलं आहे. माणूस वाचतो आणि दुसरीकडे बघतो. दक्षिण कोरियात सरकारी शाळांसाठी शिक्षक घेणारी एपिक योजना ६२ ची मर्यादा घालते, कारण तिथल्या सरकारी शाळांतले शिक्षकच ६२ ला निवृत्त होतात. हे तर मला मनापासून पटतं. घरच्याला जो नियम तोच पाहुण्याला. शाळांत परदेशी भाषा-सहायक नेमणाऱ्या जपानच्या सरकारी जेट योजनेत पूर्वी वयाची अट होती, ती पुढे काढली. आणि सौदीच्या श्रम कायद्यात निवृत्तीचं वय वर्षानुवर्षं पुरुषांना ६० आणि बायकांना ५५ असं लिहिलेलं होतं खरं, पण त्याच वाक्यात पुढे असंही होतं की दोन्ही बाजूंची संमती असेल तर काम पुढे चालू ठेवता येईल. तुमच्यापैकी कितीजणांनी उमेदवाराला त्या वाक्याचा उत्तरार्ध वाचून दाखवला?

चीन-कोरियाच्या दारात आम्हा भारतीयांची आधी दुसरीच अडचण असते, ती पासपोर्टाची. कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-टू व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी. भारताशी झालेल्या, २०१० पासून लागू असलेल्या सेपा या व्यापार करारात आपल्या शिक्षकांना सहायक म्हणून जायला एक फट ठेवली आहे, तेवढीच. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. इथे एवढंच म्हणते की पासपोर्ट चुकीचा आणि वयही चुकीचं अशा माणसाकडून निदान फाइल चार्ज तरी घेऊ नका.

कुवेतची गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगायला हवी, कारण ती आमच्या खाडीपट्ट्यात घरोघरी माहीत आहे. कुवेतने २०२० च्या ऑगस्टमध्ये ठरवलं की पदवी नसलेल्या, साठी गाठलेल्या परदेशी माणसाचा वर्क परमिट २०२१ पासून नूतन करायचा नाही. आमच्या ओळखीचे एक चाचा ऐन उमेदीत तिकडे ड्रायव्हर म्हणून गेले होते आणि तिथेच म्हातारे झाले. त्यांना गाशा गुंडाळून यावं लागलं. पुढे तो निर्णय कायद्यात बसत नाही असं कुवेतच्याच सरकारी कायदे विभागाने म्हटलं, मग जबर शुल्क आणि विमा भरून परवाना देण्याची सवलत निघाली. तोवर चाचा इकडे येऊन सुपारीच्या बागेला पाणी सोडत होते. त्यांच्याबद्दल बोलायचं तर अन्याय झालाच, तीस वर्षं गाडी हाकणाऱ्याला पदवी विचारायची म्हणजे काय. पण मुद्दा असा की तो नियम पदवी नसलेल्यांसाठी होता. तरीही त्या दिवसांत बी.ए., बी.एड. झालेल्या शिक्षकांनासुद्धा ‘कुवेत साठीला बंद’ असं सरसकट सांगितलं गेलं. आमच्याच ग्रुपवरच्या एका बाईंनी ते ऐकून कराराचं नूतनीकरण मागितलंच नाही. एजंटने चार ओळींचा आदेश वाचायचे कष्ट घेतले नाहीत आणि त्यांची नोकरी गेली.

तब्येतीचं म्हणाल, तर ती तुम्ही तपासताच. गल्फला जाणाऱ्याची वाफिदची, म्हणजे गल्फ देशांनी ठरवून दिलेल्या केंद्रांतली, मेडिकल होते, आमच्याकडे अजून सगळे तिला गामकाच म्हणतात. छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी, सगळं. त्यात तिशीतला धडधाकट दिसणारा गडी जुन्या क्षयाच्या डागावरून अनफिट ठरतो आणि परत येतो. हे कोकणात कित्येकांच्या घरात घडलेलं आहे. मग साठीतली बाई त्याच तपासणीत फिट ठरली, तर पुन्हा जन्मतारखेकडे बोट कशाला? विम्याचा हप्ता वाढतो म्हणाल, तर किती वाढतो तो आकडा सांगा. कदाचित मी म्हणेन, पगारातून कापा.

गेल्या थंडीत आमच्या दापोलीजवळच्या मुरुडच्या एका होमस्टेवर एक इंग्रज गृहस्थ उतरले होते, सदुसष्ट वर्षांचे. चीनमध्ये एका विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे, साठीला करार संपला. त्यांच्या स्वतःच्या देशात ६५ ला सक्तीने घरी बसवण्याची मुभा २०११ साली काढून घेतली गेली, म्हणजे वय हे तिथे कामावरून कमी करायला सहसा पुरेसं कारण नाही. पण ते बाहेर पडले आणि पाहुणे झाले. पाहुण्याला यजमानाचा नियम. मग कंबोडिया. पगार निम्मा, आजारपणाचा खर्च स्वतःचा. त्यांच्यासारखे बरेच आहेत म्हणे. एका देशाने साठीला दार लावलं की पुढच्या, जरा गरीब देशात जायचं, तिथे कोणी वय विचारत नाही पण कोणी विमाही काढत नाही. ते हे सगळं कुरकुर न करता सांगत होते, सोलकढीचा तिसरा पेला हातात. मला वाटायचं हे दुखणं आपल्या पासपोर्टाचं. गोऱ्या माणसालाही ते असतं, एवढंच की त्याचं साठीला सुरू होतं आणि आमचं बावीसला.

संध्याकाळी ते होमस्टेवाल्या वहिनींच्या मुलीकडून दहावीच्या तोंडी परीक्षेची तयारी करून घ्यायचे. ओटीवर बसून, बांगड्याच्या तिखल्याच्या बदल्यात. पैसे घेतले असते तर बेकायदेशीर झालं असतं, टुरिस्ट व्हिसावर काम करता येत नाही. रीतसर व्हिसा काढायचा, तर आपल्या सरकारची रोजगार व्हिसाची सर्वसाधारण अट वर्षाला १६ लाख २५ हजार रुपये पगाराची. भाषाशिक्षकांना त्या अटीतून सूट आहे, पण इंग्रजीचे शिक्षक वगळून. आमच्या तालुक्यातली कुठली शाळा त्यांना सोळा लाख देणार? म्हणजे आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. फक्त आपला नियम लिहिलेला आहे आणि कोणीही तो वाचू शकतो.

मुरुडचा विषय निघाला तर तिथल्याच माणसाचं सांगते. धोंडो केशव कर्वे मुलगा असताना परीक्षेला बसायला मुरुडहून कुंभार्ली घाटाने पायी साताऱ्याला गेले. तिथे साहेबाने बघितलं आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परत पाठवलं. पुढे त्याच माणसाने १९२९ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी, स्त्रीशिक्षणाचं काम सांगायला आगबोट धरली. युरोप, अमेरिका, जपान, आणि परत येऊन पुन्हा आफ्रिका. एकदा कोवळे दिसतात म्हणून अडवले गेले. म्हातारे दिसतात म्हणून अडवायला तेव्हा तुम्ही नव्हतात, हे नशीब.

आता दुसरी बाजू. वयाची प्रत्येक अट म्हणजे अन्याय, असं मी म्हणत नाही. ओमानला त्यांच्या मुलांना नोकऱ्या द्यायच्या असतील, सौदीला वर्गात सौदी शिक्षक हवा असेल, तर आम्ही बाजूला व्हायला हवं. आपल्याकडे २०२३ च्या जुलैमध्ये सरकारने जिल्हा परिषद शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक कंत्राटी घ्यायचं ठरवलं, महिना २० हजार रुपये, वयाची मर्यादा ७०. डी.एड., बी.एड. होऊन बसलेली पोरं चिडली. त्यांचा राग रास्त होता. मलाही विचारणा झाली होती, मी नाही म्हटलं. माझ्याच विद्यार्थ्याची जागा अडवून मी काय शिकवणार? पण यातली गंमत बघा. ५८ ला सरकार म्हणालं आता तुमच्याच्याने व्हायचं नाही, आणि भरती रखडली म्हटल्यावर तीच माणसं सत्तरीपर्यंत चालतात, कमी पैशात. वय हा वयाचा प्रश्न क्वचितच असतो. तुमच्या धंद्यातही तेच आहे. सत्र सुरू होऊन शाळेचा शिक्षक पळून गेला की साठीचा माणूस रातोरात चालतो, हे मी माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत पाहिलं आहे. सप्टेंबरात तिला कोणी डायही लावायला सांगितला नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. जाहिरातीच्या पहिल्या ओळीत वय लिहा. आणि ते वय कोणी घातलं तेही लिहा: त्या देशाच्या सरकारने, विमा कंपनीने, का शाळेने. सरकारने घातलं असेल तर आदेशाची तारीख द्या. आम्ही इंग्रजीचेच शिक्षक आहोत, वाचू शकतो. डेमोच्या आधी जन्मतारीख विचारा, अटेस्टेशननंतर नको. उमेदवार वयात बसतो हे नक्की होईपर्यंत मूळ प्रमाणपत्राला हात लावू नका, आणि नाही जमलं तर ती आठवड्यात स्पीड पोस्टाने घरी पाठवा. माझी परत यायला तगादा लावावा लागला. परदेशी नोकरीसाठी भरती करायची तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते, आणि नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, तेही पावती देऊन. ‘आम्ही एजंट नाही, कन्सल्टन्सी आहोत’ ही पळवाट बंद करा. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक लेटरहेडवर छापा, म्हणजे आम्हाला तपासता येईल.

शाळांच्या व्यवस्थापकांना वेगळं सांगते. साठीच्या माणसाला तीन वर्षांचा करार देण्याची भीती वाटत असेल तर एक वर्षाचा द्या, मेडिकल दर वर्षी घ्या, आणि वर्ग कसा चालतो ते मागच्या बाकावर बसून बघा. पालकांना तरुण चेहरा हवा असतो असं तुम्ही म्हणता. पालकांना बोर्डाचा निकालही हवा असतो. तरीही नकोच असेल, तर तुमची शाळा, तुमची मर्जी. मात्र त्या मर्जीला व्हिसाचं नाव देऊ नका.

गल्फमधल्या भारतीय शाळांचं सत्र एप्रिलला सुरू होतं. त्यासाठीच्या जाहिराती दिवाळीनंतर पडायला लागतील आणि जानेवारीत मुलाखती होतील. त्याआधी हे एवढं दुरुस्त करायला भरपूर वेळ आहे. या पत्राला उत्तर देणार असाल तर मोघम नको, देश आणि नियम लिहून द्या. मी ते आमच्या ग्रुपवर जसंच्या तसं टाकीन, तुमच्या नावासह.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका
दापोली तालुका, जि. रत्नागिरी